पिंजऱ्याआधी घर

मराठी घराला पोपट नवा नाही. ओसरीच्या तुळईला टांगलेला गोल पिंजरा, त्यात एक आडवी दांडी, वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कधी पेरूची फोड, कधी हिरवी मिरची, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं जाताजाता ‘मिठू मिठू’ म्हणायचं. तो बोलला तर कौतुक व्हायचं. पण दिवसभर त्या दांडीवर बसून तो काय करतो, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे. आता तो कंठवाला हिरवा पोपट पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. पुढे १९९०-९१मध्ये देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. आपल्या रानातला पोपट रानात राहिला पाहिजे, हे योग्यच झालं. पण पोपटाची हौस संपली नाही. ती समुद्रापलीकडच्या पोपटांकडे वळली आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांपासून सोसायटीतल्या शेजाऱ्याच्या खांद्यापर्यंत कॉन्यूर दिसू लागला.

लांब शेपटीच्या, लहान-मध्यम आकाराच्या अमेरिकी पोपटांच्या अनेक जाती या नावाखाली येतात. आपल्याकडे मुख्यतः दोन मिळतात. ग्रीन चीक हा साधारण २६ सेंटिमीटर लांबीचा आणि ६० ते ८० ग्रॅम वजनाचा पक्षी. डोकं गडद, गाल हिरवे, छातीवर खवल्यांसारखी नक्षी, शेपूट तांबूस. पायनॅपल, सिनॅमन, टर्कॉइज म्हणून जे विकले जातात ते याचेच निवडून वाढवलेले रंग. स्वभाव आणि गरजा त्याच. दुसरा सन कॉन्यूर. तो थोडा मोठा, हळदीपासून केशरापर्यंतचे सगळे रंग अंगावर घेतलेला, आणि आवाजाला असा की खालच्या मजल्यावरच्यांनाही तो आपण पाळल्याचं पहिल्याच दिवशी कळतं. पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्याला, त्यातही फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, मी ग्रीन चीकच सुचवेन. हे पुस्तकही त्याच्याच पिल्लाच्या पहिल्या वर्षाबद्दल आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की या वर्षात पक्ष्याला जे शिकवायचं असतं त्यापेक्षा घराला शिकावं लागतं ते कितीतरी जास्त असतं. स्वयंपाकघराच्या, देवघराच्या, झोपण्या-उठण्याच्या, पंखा लावण्याच्या सवयी बदलाव्या लागतात. हे आधी कळलं आणि मान्य झालं, तर पुढचं बरंचसं आपोआप सोपं होतं.

घरानं का बदलायचं, याचं उत्तर त्या पक्ष्याच्या मुलुखात आहे. ग्रीन चीक मूळचा बोलिव्हियाचा, ब्राझीलच्या मातो ग्रोसो भागाचा, पराग्वे आणि अर्जेंटिनाच्या उत्तरेकडचा. तिथल्या जंगलांत तो थव्यानं राहतो, उंच झाडांच्या शेंड्यांवर फळं, बिया, फुलं शोधतो, झाडांच्या ढोलीत घरटं करतो. एकटा ग्रीन चीक ही निसर्गात जवळजवळ नसलेली गोष्ट आहे. खाणं, आंघोळ, पिसं साफ करणं, दुपारची झोप, सगळं सोबतीनं चालतं. कुत्रं माणसाच्या सहवासात हजारो वर्षं घडत आलं. माणसाच्या चेहऱ्याकडे बघून वागणं त्याच्या रक्तात उतरलं आहे. कॉन्यूरच्या बाबतीत असं काही घडलेलं नाही. आपल्या हातातलं पिल्लू पिंजऱ्यात जन्मलेलं असलं तरी त्याच्या शरीरात आणि मनात अजून जंगलच आहे.

थवा या पक्ष्यांना किती खोलवर बांधून ठेवतो, हे त्यांच्या एका नातलगाच्या कहाणीवरून दिसतं. उत्तर अमेरिकेत कॅरोलायना पॅराकीट नावाचा पिवळ्या डोक्याचा पोपट होता. फळबागांचं नुकसान करतो म्हणून आणि टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी लोक त्याला मारत. थव्यातला एक जखमी होऊन पडला की उरलेले पळून न जाता त्याच्याभोवती घिरट्या घालत परत येत, आणि बंदूकवाल्यांना सगळा थवाच सापडे. जंगलतोडही होतीच. त्या जातीचा बंदिवासातला शेवटचा पक्षी २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आपलं पिल्लू आपण खोलीबाहेर गेल्याबरोबर जी किंकाळी फोडतं, ती याच ओढीतून येते. तो हट्ट नाही आणि लाडावल्याची खूणही नाही. थव्यातलं कुणीतरी दिसेनासं झालं आहे आणि ते त्याला हाका मारतं आहे, एवढाच तिचा अर्थ. सन कॉन्यूरचं दुःख आणखी जवळचं आहे. पिंजऱ्यांच्या बाजारासाठी तो इतका पकडला गेला की आज गयाना आणि ब्राझीलच्या उत्तरेकडचा थोडासा प्रदेश एवढंच त्याचं घर उरलं. गयानातल्या करासाबाई गावाच्या आसपास त्याचे थवे अजून दिसतात. जगभरच्या घरांत तो सहज सापडतो आणि स्वतःच्या रानात मात्र संकटग्रस्त आहे. जो हे पक्षी पाळतो त्याला हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पिल्लाकडे येऊ. बाजारात नवख्या माणसाच्या गळ्यात एक गोष्ट हमखास मारली जाते: हातानं भरवायचं पिल्लू. पिसं जेमतेम फुटलेलं, डोळे मोठे, मान डुलवत तोंड उघडणारं. ‘तुम्ही स्वतः भरवलंत तरच ते तुमचं होईल’ असं सांगितलं जातं, आणि सोबत पावडरचा डबा नि एक सिरिंज मिळते. हे म्हणणं खरं नाही आणि पिल्लाच्या जिवावर बेतणारं आहे. ती पावडर कोमट पाण्यात कालवून ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान द्यावी लागते. थोडी जास्त गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, आणि ते बाहेरून कळायला काही दिवस जातात. गार झाली तर अन्न पिशवीतच साचून आंबतं. सिरिंजचा कोन चुकला तर घास श्वासनलिकेत जातो, आणि मग करण्यासारखं फारसं काही उरत नाही. अनुभवी ब्रीडरसुद्धा हे काम थर्मामीटर हातात घेऊन करतात. नवख्यानं ते शिकण्यासाठी एक जीव पणाला लावू नये. स्वतःच्या चोचीनं दाणे, भाज्या, पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) खाणारं, पाणी पिणारं, उडायला लागलेलं पिल्लूच घरी आणावं. ग्रीन चीकचं पिल्लू साधारण दोन महिन्यांचं होता होता भरवणं सोडतं, पण ब्रीडरनं तारीख बघून सोडवलेलं पिल्लू आणि स्वतःच्या इच्छेनं सोडलेलं पिल्लू यांत फरक असतो. म्हणून विकत घेण्याआधी त्याला खाताना प्रत्यक्ष बघावं. नव्या घरात आल्यावर काही पिल्लं पुन्हा तोंड उघडून मागू लागतात. तेव्हा मऊ शिजवलेला भोपळा किंवा गाजर कोमट करून बोटांवर द्यावं, थोड्याच दिवसांत ती सावरतात. आणि प्रेमाचं म्हणाल, तर चार महिन्यांचा कॉन्यूरही पूर्ण आपला होतो. तो आपल्याला निवडतो ते आपण त्याच्याशी कसं वागतो त्यावरून.

पिल्लू बघताना नाकपुड्या कोरड्या आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीखालची पिसं चिकटलेली तर नाहीत ना, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं आहे का, हे पाहावं. पायात बंद रिंग असेल तर तिचा नंबर लिहून घ्यावा. नर की मादी, हे ग्रीन चीकमध्ये नुसतं बघून कळत नाही. पिसांवरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी होते. पाळण्याच्या दृष्टीनं त्यानं फारसा फरक पडत नाही.

आणि मग घर. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण कॉन्यूरच्या पिल्लांचे टाळता येण्यासारखे मृत्यू बहुतेक इथेच होतात.

पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नसतो. त्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारखं काम करतात आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनं वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याला असा भरपूर मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच वेगानं भिनतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते याचमुळे. विषारी वायू माणसाला जाणवण्याआधी पक्षी कोसळत असे. आपल्या स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा रिकामा, मोठ्या आचेवर काही मिनिटं विसरला गेला, तर त्याच्यावरचा लेप २८० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागतो. त्या वाफेला रंग नसतो, आपल्याला फारसा वासही येत नाही, आणि दुसऱ्या खोलीतला कॉन्यूर काही मिनिटांत मरू शकतो. त्यावर औषध नाही. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, काही इस्त्र्यांचे तळ यांनाही हाच लेप असतो. माझं मत या बाबतीत कडक आहे: कॉन्यूर घरात येण्याआधी नॉनस्टिक घराबाहेर गेलं पाहिजे. बिडाचा तवा, लोखंडी कढई, स्टीलची पातेली आपल्या घरांत असतातच. धिरडी आणि घावन त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सुटत आले आहेत. मिरचीची फोडणी, तळणाचा धूर, जळालेलं दूध यांच्यापासूनही पक्षी दूर हवा. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून असलेल्या उघड्या हॉलमध्ये नको, एवढं ठरवलं की अर्धी काळजी मिटते.

देवघराचा प्रश्न नाजूक असतो. उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूर पक्ष्याला सोसत नाही, आणि घरातली वडीलधारी माणसं म्हणतात की पक्ष्यासाठी देवापुढची उदबत्ती बंद करायची का? तशी गरज नाही. समईचा किंवा निरांजनाचा दिवा चालतो. उदबत्ती लावायचीच असेल तर पक्षी घराच्या दुसऱ्या टोकाला, दार बंद, खिडकी उघडी, आणि धूर पूर्ण विरल्यावरच दार उघडायचं. गणपतीत, सत्यनारायणाला, होमाच्या दिवशी पक्ष्याला एखाद्या ओळखीच्या घरी दिवसभर ठेवता आलं तर उत्तम. आधी बोलून ठरवलं तर आजी-आजोबा हे मनापासून सांभाळतात, असं मी पाहिलं आहे. न सांगता हुकूम सोडला तर कुणीच सांभाळत नाही. डासांची कॉइल आणि मशीन यांच्याऐवजी जाळी किंवा मच्छरदाणी. डांबरगोळ्या, फवारणीची अत्तरं, फिनेलचा उग्र मारा, दिवाळीआधीचा रंग, पेस्ट कंट्रोल, हे सगळं याच यादीत येतं.

दुसरा धोका छताला टांगलेला असतो. परदेशी पुस्तकांत सीलिंग फॅनचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो; आपल्याकडे त्यावर एक प्रकरण लिहावं लागलं. पक्षी पिंजऱ्याबाहेर असेल तेव्हा पंखा बंद, हा नियम घरातल्या लहान मुलापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना पाठ हवा. रेग्युलेटरच्या बटणावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली की हात आपोआप थबकतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पंख्याविना बसणं अशक्य, म्हणून तिथे पक्ष्याला बाहेर काढायची वेळ पहाटेची ठेवावी. बाथरूममधली भरलेली बादली, उघडं कमोड, उकळतं पातेलं, सरकणारी दारं, खुर्चीचे पाय, हेही धोकेच. कॉन्यूरला चादरीत, उशीखाली, शर्टाच्या आत घुसून बसायला अतोनात आवडतं, कधी कधी तो उताणा झोपतो आणि बघणाऱ्याचं काळीज क्षणभर थांबतं. त्याला उबेत घेऊन बसावं, पण त्याच्यासोबत झोपू नये. झोपेत कूस बदलल्यानं पक्षी दगावल्याच्या घटना पक्षी पाळणाऱ्यांत वारंवार ऐकू येतात. हातात धरतानाही छाती कधी आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच त्याला श्वास घेता येतो.

या धोक्यांवर सोपा उपाय म्हणून बरेच जण पंख कापून घेतात. मला तो पटत नाही. पिल्लाला उडायला शिकायचं एक वय असतं. त्या काळात ते वेग, वळण, थांबणं शिकतं, छातीचे स्नायू भरतात, आणि मुख्य म्हणजे धीर येतो. त्याआधीच पंख कापले तर ते धपकन पडत राहतं, आणि पडायची भीती घेऊन मोठं होतं. भित्रा पक्षी जास्त चावतो, कारण निसटून जायचा मार्ग त्याच्याकडे उरत नाही. शिवाय कापलेले पंखही वाऱ्याच्या झोतावर खिडकीबाहेर जाण्याइतपत उचलतात. खिडक्यांना जाळी आणि दाराशी सावधपणा, हाच खरा उपाय. बाहेर नेताना छोट्या प्रवासी पिंजऱ्यातच न्यावं. खांद्यावर बसवून बागेत फिरणारे व्हिडिओ बघून धाडस करू नये. आपल्या आकाशात घारी आहेत, कावळे आहेत, आणि संक्रांतीच्या आगेमागे मांजाही.

खाण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एकीकडे राळे, करडई आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेला पक्षी. तो दोन-तीन वर्षं दिसायला गुटगुटीत असतो आणि आतून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं नि चरबी साठलेल्या यकृतानं पोखरत जातो. दुसरीकडे घरातलं सगळं चाखवणारे: चहात बुडवलेलं बिस्कीट, वेफर्स, चीज. दोन्ही वाईट. चांगल्या प्रतीचे पेलेट आणि ताज्या भाज्या हा रोजचा आहार, फळं थोडी, बिया त्याहून थोड्या. यात मला एक गोष्ट फार आनंदाची वाटते. कॉन्यूर जिथले, त्या अमेरिका खंडांतली कितीतरी झाडं पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि आता ती आपल्याच मातीतली वाटतात. पेरू, पपई, मका, तिखट मिरची. बोलिव्हिया तर रानमिरच्यांचं माहेरच. तिखटपणाची आग पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून आपण डोळ्यांत पाणी आणून खातो ती लवंगी मिरची कॉन्यूर मिटक्या मारत खातो. म्हणजे ओसरीवरच्या त्या जुन्या पोपटाला मिरची देणाऱ्यांचं तेवढं बरोबर होतं. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, लाल भोपळा, गाजर, कोवळं कणीस, मोड आलेले मूग आणि मटकी, डाळिंबाचे दाणे, हे सगळं मंडईत मिळतं आणि नीट धुऊन देता येतं. अव्होकाडो मात्र चुकूनही नको, तो पक्ष्यांना विषारी आहे. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेलं, तळलेलं, सफरचंदाच्या बिया, हेही नको. पिल्लानं नवी भाजी पहिल्यांदा फेकली तर निराश होऊ नये. त्याच्यासमोर बसून आपण तीच भाजी चवीनं खावी. थवा जे खातो ते सुरक्षित, हा त्याचा हिशेब आहे, आणि आता त्याचा थवा आपण आहोत.

त्याचा पिंजरा निवडताना दागिन्याच्या पेटीसारखा गोल, नक्षीदार पिंजरा टाळावा. लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी किमान दोन फूट, गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास, आणि जस्ताचा सुटणारा मुलामा नको, कारण पक्षी दिवसभर गज चावतो आणि जस्त अंगात साठतं. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांनी पाय दुखावतात. फवारणी न केलेल्या पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवल्या की पायांनाही बरं आणि चोचीलाही उद्योग.

एक वस्तू मात्र पिंजऱ्याइतकीच गरजेची आहे, आणि दुकानदार ती कधी सुचवत नाही: ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. शिकार होणारे प्राणी आजार लपवतात. थव्यात जो खुडूक दिसतो त्याच्यावरच ससाण्याची नजर जाते, म्हणून कॉन्यूर अगदी शेवटपर्यंत ठीक असल्यासारखा वागतो. पिसं फुगवून बसलेला, पिंजऱ्याच्या तळाशी उतरलेला, श्वासागणिक शेपूट हलणारा पक्षी दिसतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. वजन मात्र लपवता येत नाही. रोज सकाळी, खाण्याआधी, काट्यावर एक दांडी ठेवून त्याला तिच्यावर उतरवायचं आणि आकडा लिहायचा. ७० ग्रॅमचा पक्षी ६३वर आला तर दहा टक्के वजन गेलं. त्या दिवशी ऑफिस बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. विष्ठेकडेही रोज नजर हवी. हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि पातळ पाणी असे तिचे तीन भाग असतात, आणि त्यांतला बदल बरंच काही सांगतो. पक्ष्यांचं नीट जाणणारे पशुवैद्य सगळीकडे नाहीत. मुंबईच्या परळला १८८६पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यातही पक्षी बघणारे डॉक्टर मिळतात; लहान गावांत मात्र दोन-तीन तासांचा प्रवास लागू शकतो. डॉक्टरांचा पत्ता पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवायचा असतो. पहिल्या आठवड्यातच एकदा तपासून घ्यावं, कारण पोपटांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिससारखा श्वसनाचा आजारही असतो. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावं.

पिल्लू चावतं. यावर जितके फोन येतात तितके दुसऱ्या कशावर येत नाहीत. चोच हा त्याचा हात आहे. जग कसं लागतं हे ते चोचीनंच बघतं. त्यातच चार-सहा महिन्यांच्या सुमारास ते आपल्याला आजमावून बघतं: चोच उगारली तर हा माणूस मागे हटतो का? ओरडून, चोचीवर टिचकी मारून, हात झटकून काहीच साधत नाही. उलट आरडाओरडा ही त्याच्यासाठी गंमत होते. हात शांत ठेवायचा, त्याला जवळच्या दांडीवर उतरवायचं, अर्धा मिनिट लक्ष द्यायचं नाही. आणि चावण्याआधी तो काय सांगत होता ते आठवायचं. मान आखडली होती का, डोळ्यांची बाहुली लहान-मोठी होत होती का, तो झोपेला आला होता का? सूर्यफुलाच्या बिया वाटीत न ठेवता आपल्या हातात ठेवाव्यात. बोटावर आला, बी मिळाली. वजनकाट्यावर बसला, बी मिळाली. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. एवढ्यावर ग्रीन चीक थक्क करणाऱ्या गोष्टी शिकतो.

त्याच्या हाकेलाही उत्तर द्यावं. बाजूच्या खोलीतून एक ठरावीक शीळ घातली की बहुतेक वेळा किंकाळी थांबते आणि हळूहळू तोही त्या शिळेनं साद घालू लागतो. किंचाळल्यावर धावत गेलो तर तो किंचाळायलाच शिकतो. झोप दहा ते बारा तास, अंधारात आणि शांततेत. त्याच्या मुलुखात रात्र लांब असते, आणि आपल्या हॉलमध्ये अकरापर्यंत टीव्ही चालतो. चिडका, चावरा पक्षी घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारते, हा झोपतो कधी? अनेकदा तिथेच उत्तर सापडतं. वर्षभराचा झाला की तो वयात येतो. तेव्हा कुरवाळणं डोकं आणि मानेपुरतं ठेवावं, पाठीवरून हात फिरवू नये, आणि बाजारात मिळणारे झोपायचे मऊ तंबू पिंजऱ्यात लावू नयेत. ते त्याला घरट्यासारखे वाटतात, आणि कुरतडलेले धागे पोटात जातात ते वेगळंच.

कायद्याची बाजू थोडक्यात. कॉन्यूर परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली येतो. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिचे नियम आले. त्यानुसार असा पक्षी बाळगल्याची, दुसऱ्याला दिल्याची, त्याला पिल्लं झाल्याची आणि तो मेल्याची नोंद केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. विकणाऱ्याकडून लेखी पावती मागावी. जो द्यायला कचरतो त्याच्याकडून घेऊ नये.

आणि वर्षं. नीट सांभाळलेला ग्रीन चीक वीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून मुलाला पक्षी देणाऱ्या आईवडिलांना मी आग्रहानं सांगते, की दोन वर्षांत मुलगा हॉस्टेलवर जाईल, नोकरीसाठी बंगळूरला किंवा परदेशात जाईल, आणि पक्षी तुमच्याकडे राहील. तुम्हाला तो हवा असेल तरच आणा. दोघंही दिवसभर बाहेर असणाऱ्या जोडप्यानं एकटा कॉन्यूर आणू नये. जोडी आणली तर ती आपल्याशी कमी आणि एकमेकांशी जास्त बोलेल. पण ती एकटी नसेल, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. एकत्र कुटुंबात पहिल्या महिन्यापासून सगळ्यांनी आळीपाळीनं खाऊ घालावं, नाहीतर तो एकाचाच होतो आणि इतरांवर धावून जातो.

या पुस्तकाची प्रकरणं पिल्लू घरी आल्यापासूनच्या क्रमानं मांडली असली, तरी हवा, पंखा आणि डॉक्टर यांवरची तीन प्रकरणं पिल्लू आणण्याआधी वाचावीत, आणि शक्य झालं तर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवावीत. शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे: सकाळचं वजन, खाल्लेल्या भाज्या, झोपेचे तास, डॉक्टरांचा नंबर, शेजारी पक्षी सांभाळणार असतील तर त्यांच्यासाठी सूचना. गणपतीला कोकणात किंवा मे महिन्यात गावी जाताना तो भरून शेजाऱ्यांच्या हातात द्यावा, आणि निघण्याआधी त्यांच्या स्वयंपाकघरातला तवा कुठला आहे, हेही विचारून घ्यावं.